काचेवरचं कुंकू

तुम्ही दोघी व्हिडिओवर मला विचारता की आजी, तू त्या वर्षी आमच्याकडे नऊ महिने का राहिलीस. मी दर वेळी सांगते, विमानं बंद होती. ते खरं आहे, पण जुलैपर्यंतच. जुलैत भारतात जाणाऱ्या विमानांची तिकिटं मिळू लागली होती आणि मी परतले नोव्हेंबरात. मधल्या महिन्यांचं कारण आज लिहून काढते. यातला एक भाग थोरलीचा आहे. तुला तो आठवत नाही असं तू मागे म्हणालीस. मला आठवतो. धाकटीचा तेव्हा जन्म झाला नव्हता, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. पुढे जिथे 'तू' लिहिलं आहे तिथे ते थोरलीला उद्देशून आहे. मराठी वाचताना अडलं तर आईला विचारा.

फेब्रुवारीत मी ग्रोनिंगनला आले ती तीन महिन्यांचं परतीचं तिकीट घेऊनच. तुमचं ते अरुंद घर, तो जिना, ज्याला मी आजही शिडी म्हणते, आणि वर मागच्या बाजूची खोली, तिथे माझी झोपण्याची सोय केली होती. पलंगाच्या डोक्याशी भिंतीत बसवलेलं कपाट होतं. मार्चच्या मध्यावर साथीमुळे सगळं बंद झालं आणि त्या कपाटात पाच चपटी खोकी आली.

आधी ती खोकी कसली ते सांगते. तुमच्या आईचं, म्हणजे माझ्या सुनेचं, पीएच.डी.चं संशोधन फोटोंवर होतं, पण फोटो कसे काढतात यावर नव्हे. आपल्याकडे घरातलं माणूस गेलं की त्याचा फोटो भिंतीवर लागतो. त्याला हार घालतात, कपाळाच्या जागी काचेवर गंध किंवा कुंकू लावतात. असं वर्षानुवर्षं होत राहिलं की त्या फोटोचं काय होतं, हा तिचा विषय. तिच्याबरोबर आणखी दोघं होते. एक प्राध्यापक, तिचे मार्गदर्शक, जे माणसांच्या चालीरीतींचा अभ्यास करत. आणि दुसऱ्या विभागातली एक रसायनशास्त्रज्ञ बाई, खूप उंच, पावसातही सायकलवरून येणारी. एकाच फोटोला हे तिघं तीन प्रश्न विचारत. फोटो कुठल्या स्टुडिओतला, मोठ्या ग्रुपमधून एकटा चेहरा कापून काढलाय का, हे तुमची आई बघे. कुंकू कोण लावतं, कोणत्या बोटाने, तेव्हा तोंडाने काय म्हणतं, हे प्राध्यापक विचारत. आणि काचेवर जे साचलंय ते नेमकं कशाचं आहे आणि त्याचे थर किती, ते ती बाई सूक्ष्मदर्शकाखाली पाहणार होती.

मी तुमच्या आईला म्हटलं होतं, "हे मला विचारलं असतंस तर चहा होईपर्यंत सांगून झालं असतं."

"म्हणूनच नाही विचारलं," ती म्हणाली. "तुम्ही एकच उत्तर द्याल, आई, आणि वर म्हणाल की हेच बरोबर."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती आगगाडीने फिरून अ‍ॅमस्टेलव्हीन, आर्नहेम अशा गावांतल्या मराठी कुटुंबांकडून पाच जुन्या फ्रेमा अभ्यासासाठी मागून घेऊन आली होती. त्या विद्यापीठाच्या कोठारात जायच्या, तोच विद्यापीठाला कुलूप लागलं. प्राध्यापकांनी पत्र देऊन त्या घरी ठेवायची परवानगी दिली. कपाट बंद करताना तिने मला सांगितलं, "आई, याला हात लावायचा नाही. धूळसुद्धा झटकायची नाही."

मी हो म्हटलं. मी तीस वर्षं एका कचेरीत इंग्रजी पत्रव्यवहार आणि फायली सांभाळल्या आहेत. कशाला हात लावायचा नसतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला तुमच्या बाबाचा आर्नहेमच्या कंपनीतला करार संपला आणि त्यांनी तो पुढे वाढवला नाही. त्याने स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हे सांगितलं आणि मग भांडी घासायला घेतली. नवीन नोकरी त्या दिवसांत कोण देणार. राहिला तुमच्या आईचा करार. तो ऑगस्टअखेर संपत होता. पुढे एक वर्ष मिळावं म्हणून तिने अर्ज केला होता आणि जूनमध्ये समितीपुढे काहीतरी हातात घेऊन जायचं होतं. तिचाही करार गेला असता तर तिघांनाही देश सोडून परतावं लागलं असतं आणि चार वर्षांचं काम अर्धवट राहिलं असतं. जेवताना हे कुणी बोलत नसे. तू मात्र रोज विचारायचीस की आज किती अस्वलं मोजायला जायचं. त्या वसंतात लोकांनी मुलांसाठी खिडक्यांत कापडी अस्वलं ठेवली होती.

आता माझ्याकडचं. पुण्याला आमच्या घरी तुमच्या आजोबांचा फोटो आहे, तो तुम्ही पाहिला आहे. आजोबांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. रोज सकाळी अंघोळ झाली की मी ओल्या फडक्याने काच पुसते, कोरडी करते, मग गंध लावते. कालचं गंध आजवर ठेवायचं नाही, अशी माझी पद्धत. आमच्या माहेरीही तसंच होतं. त्या एप्रिलमध्ये घर दोन महिने बंद होतं. किल्ली शेजाऱ्यांकडे होती, पण ते स्वतःच सत्तरीच्या पुढचे, दार उघडत नव्हते. त्या काचेवर कुणाचा हात फिरला नव्हता, हे मला रोज सकाळी अंघोळ झाल्यावर आठवायचं आणि माझ्या हाताला काही काम नसायचं.

अक्षय्य तृतीया रविवारी आली. आपल्याकडे तो गेलेल्या माणसांना पाणी देण्याचा दिवस. दुसऱ्या दिवशी तिथल्या राजाचा वाढदिवस म्हणून बाहेर शेजाऱ्यांनी नारिंगी पताका लावल्या होत्या. आई-बाबा कितीतरी आठवड्यांनी दोघंच सायकलवर फिरायला गेले. तू खाली चित्र रंगवत होतीस. मी माझी खोली आवरली, आवरण्यासारखं काही नसताना, आणि कपाट उघडलं.

नुसतं पाहीन असं म्हटलं होतं. वरच्या खोक्यात मऊ कागदात गुंडाळलेली एक लाकडी चौकटीची फ्रेम होती. बाईचा फोटो. कपाळावर कुंकवाचा टिळा नव्हता, काळपट लाल पापुद्र्यांचं ढेकूळ होतं. ते कपाळावरून डोळ्यांवर आणि नाकापर्यंत उतरलं होतं. बाईचा चेहरा दिसतच नव्हता. नुसती हनुवटी आणि गळ्यातली एकदाणी. मला वाटलं, काय हे. कुणाची तरी आई असेल, आणि घरच्यांना काच पुसायला सवड नाही.

अंघोळीच्या खोलीतून कोमट पाणी आणलं. माझा एक जुना सुती पंचा फाडला. पाण्याने ते निघेना, तेव्हा खोबरेल लावून ठेवलं आणि दहा मिनिटांनी कडेकडेने नखाने सोडवलं. अर्धा तास लागला. हळूहळू खालून डोळे आले. काच अगदी लखलखीत झाल्यावर मी माझ्या पिशवीतली हळदी-कुंकवाची डबी काढली. तिथे माझा हात थांबला. नवरा गेलेल्या बाईने सवाष्णीला कुंकू लावू नये, असं माझ्या आईच्या पिढीत मानत. मी ते मानत नाही. तरी थांबला. मग अनामिकेने आधी हळद, मग कुंकू लावलं आणि डोळे मिटून पाणी सोडलं. कुणाच्या नावाने, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

डोळे उघडले तर तू दारात उभी.

"आजी, हू इज शी?"

"एक आजी आहे."

"शी वॉज डर्टी?"

"हो. आता स्वच्छ झाली." आणि मग, आठवून, मी म्हणाले, "आईला सांगायचं नाही हं. आपली गंमत."

तू ओठांवर बोट ठेवलंस. मी फ्रेम पुन्हा कागदात गुंडाळली, खोकं होतं तसं ठेवलं. फडकं लगेच साबणाने धुऊन मागच्या दोरीवर वाळत घातलं. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला लिहू, दोन महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटत होतं.

तीन दिवसांनी तुमची आई जेवायला हसत आली. प्रयोगशाळा उघडत होती. एका वेळी दोघांनाच आत जायची मुभा, आधी वेळ राखून. त्यांना मे महिन्यातला एक गुरुवार मिळाला होता, चार तास.

"चार तासांत पाचही होतील?" तुमच्या बाबाने विचारलं.

"पाच नकोतच. अ‍ॅमस्टेलव्हीनच्या काकूंची पहिली. बाकीच्या चार घरांत काच पुसतात रे, आई पुसतात तशी. तिथे काय मिळणार, गेल्या वर्षाचं गंध. काकूंच्या घरी पन्नास-पंचावन्न वर्षांत एकदाही पुसलेली नाही. असं दुसरं मला कुठेच मिळालेलं नाही. थरावर थर आहेत. झाडाचं वय खोडावरून मोजतात ना, तसं मोजता येईल." तिने पोळीचा तुकडा मोडला. "समितीला मी तेवढंच दाखवणार आहे. सर म्हणाले, हे निघालं तर वर्षभर कुणी अडवत नाही."

मी हातातला घास परत ताटात ठेवला. तू माझ्याकडे पाहिलंस. तुला शब्द सगळे कळले नसतील, पण 'काच' आणि 'पुसतात' कळलं होतं. तू तोंड उघडलंस आणि मी तुझ्या ताटात दहीभात वाढला, तू मागितला नसताना.

त्यानंतर सोळा दिवस मी त्या कपाटाखाली झोपले. हिशेब सोपा होता. फ्रेमवरचं आता परत येणार नव्हतं. आज सांगितलं काय, त्या गुरुवारी कळलं काय, फरक फक्त एवढाच की आधी सांगितलं तर तिला दुसरं काही ठरवायला वेळ मिळेल. हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तरी मी रोज दुसऱ्या दिवसावर ढकललं. ती खोलीत काही घ्यायला आली की मी पलंगावरून उठून कपाटाला पाठ लावून उभी राहायची. एकदा तिने खोकी मोजली आणि वरच्या खोक्याचं झाकण बोटाने नीट दाबलं. मी पडदे सारखे करत राहिले. इंग्रजीतून कबुलीपत्र लिहिण्याचा प्रयत्नही केला. कचेरीत मी दुसऱ्यांच्या चुकांबद्दल अशी कितीतरी पत्रं लिहिली होती. स्वतःचं एक वाक्यही धड जमलं नाही.

त्या दिवसांत तू माझ्या खोलीत यायची बंद झालीस. पाढे म्हणायला बोलावलं तरी जिन्यातच बसायचीस. मग एका शनिवारी दुपारी, मी मागच्या अंगणात कपडे काढत होते, तू माझ्या पदराला धरून अगदी हळू विचारलंस, "आजी, इज इट स्टिल अ सीक्रेट? बिकॉज माय टमी हर्ट्स."

तेव्हा गुरुवारला पाच दिवस होते.

तुमची आई पायरीवर चहा घेऊन बसली होती. मी कपड्यांची टोपली खाली ठेवली आणि सांगितलं. सगळं, क्रमाने. माझं संपल्यावर ती उठली. कप ठेवून वर गेली. जिन्यावर तिची पावलं, कपाटाचं दार, कागदाचा आवाज, हे मी खाली उभी राहून ऐकलं. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"फडकं कुठे आहे?"

"कुठलं?"

"ज्याने पुसलंत ते, आई. त्यावर काहीतरी असेल."

"ते धुतलं."

"धुतलंत."

"त्याच दिवशी. साबणाने."

तिने पायरीवरचा कप उचलून आत ठेवला. मग घराच्या कडेची सायकल काढली आणि निघून गेली. आयुष्यात एकदा तरी मी फडकं न धुता बादलीत तसंच टाकायला हवं होतं, तर ते त्या पुसण्याच्या दिवशी.

तुमचा बाबा अंगणात आला. माझ्यावर तो कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. "आई, तुला काही पुसल्याशिवाय चैन का पडत नाही?" एवढंच म्हणाला. "आम्ही दोघं काय काठावर उभे आहोत, ते तुला दिसत होतं ना?"

"दिसत होतं."

"मग?"

मी टोपलीतल्या कपड्यांच्या घड्या करायला घेतल्या. तुला मी कडेवर घेऊन सांगितलं की आता ते गुपित नाही, आईला कळलं. तू विचारलंस, मग मी सांगू? आणि संध्याकाळी ती परत आली तेव्हा तू दारातच तिला सगळी हकीगत सांगितलीस, खोबरेलासकट. तिने हेल्मेटसुद्धा न काढता, खाली बसून, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ते सगळं ऐकून घेतलं. माझ्याशी ती दोन दिवस कामापुरतंच बोलली. पण तुझं तिने पूर्ण ऐकलं, हे मी पाहिलं.

ज्यांची फ्रेम होती त्यांना कळवणं भागच होतं. मी म्हटलं, फोन मी करते. ती म्हणाली, "फ्रेम माझ्या ताब्यात होती. करायचा तर मलाच करायला हवा." शेवटी रविवारी सकाळी फोन टेबलावर ठेवून आम्ही दोघी समोरासमोर बसलो. काकू म्हणजे माझ्याच वयाच्या एक बाई, मूळच्या सांगलीकडच्या, मुलाबरोबर अ‍ॅमस्टेलव्हीनला राहणाऱ्या. फोटो त्यांच्या आईचा होता. त्या अकरा वर्षांच्या असताना आई गेली होती.

तुमच्या आईने सुरुवात केली, पण मी मधेच बोलले. "मी यांची सासू. तुमची फ्रेम मी पुसली."

"पुसली म्हणजे?"

"काचेवरचं कुंकू सगळं काढलं. मला वाटलं मळ आहे."

पलीकडून दूरदर्शनचा आवाज येत होता. मग तो कुणीतरी बंद केला.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला पुसायला?"

"कुणी नाही. उलट हात लावू नका असंच सांगितलं होतं."

"मग लावलात कशाला?"

मी आजोबांच्या फोटोचं सांगितलं, बंद घराचं, अक्षय्य तृतीयेचं. सबब म्हणून नाही. त्यांनी विचारलं म्हणून.

"यजमान जाऊन किती वर्षं झाली?"

"सहा."

"आणि माझ्या आईला कुंकू लावलंत? तुम्ही?"

"हो."

तुमच्या आईने डोळे मिटून घेतले.

"आमचे हे जाऊन चौदा वर्षं झाली, तरी लावतेय मी," काकू म्हणाल्या. "सासूबाई असत्या तर हात धरला असता माझा." मग त्यांचा आवाज बदलला. "माझ्या वडिलांनी एकदाही पुसलं नव्हतं हो ते. अंघोळ करून आले की ओल्या अंगाने लावायचे. म्हणायचे, हिचं कुंकू मी पुसणार नाही. ते गेले त्या दिवशी सकाळीसुद्धा लावून गेले. माझ्या कुंकवाच्या खाली कुठेतरी त्यांच्या हातचं होतं. मला दिसत नव्हतं, पण होतं. आता कुठलं."

तुमच्या आईने फोन स्वतःकडे ओढून घेतला.

"फ्रेम परत पाठवा. अभ्यास पुरे."

"हो काकू," तुमची आई म्हणाली. "तुमचा हक्क आहे तो." तिचा आवाज स्थिर होता, पण टेबलाखाली तिने दोन्ही हात मांडीवर दाबून धरले होते. चार वर्षांचं काम त्या 'हो'मध्ये जात होतं आणि ते जात असलेलं मी समोर बसून बघत होते.

मला वाटलं फोन ठेवला. पण काकू होत्या. "चेहरा दिसतो का आता?" त्यांनी विचारलं.

"दिसतो," मी म्हटलं.

"डोळे?"

"डोळे दिसतात. डाव्या डोळ्याखाली तीळ आहे."

"तीळ नव्हता आईला."

"आहे. मी काच पुसलीय, डाग असता तर गेला असता."

हे बोलायला नको होतं, हे शब्द तोंडातून गेल्यावर कळलं. मग, "फोटो पाठवा," असं म्हणून त्यांनी फोन बंद केला.

तुमच्या आईने फ्रेम खिडकीशी नेऊन फोटो काढला. आधी भिंगातून तिळाकडे पाहिलं. तो मूळ छपाईतच होता. फोटो पाठवला. निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही, त्या दिवशी नाही आणि सोमवारीही नाही. तुमच्या आईने प्राध्यापकांना कळवलं. त्यांनी एका ओळीचं उत्तर पाठवलं की बुधवारपर्यंत थांबू, मग बाकीच्या चारांपैकी काय नेता येईल ते ठरवू. मंगळवारी ती त्या चार फ्रेमा जेवणाच्या टेबलावर मांडून बसली होती. सगळ्या स्वच्छ, माझ्या घरातल्यासारख्या. तिच्या शेजारून मी चहा घेऊन गेले तेव्हा ती वर न बघता म्हणाली, "बघा, आई. तुमच्या पद्धतीच्या."

बुधवारी दुपारी फोन वाजला. तुमच्या आईने उचलला आणि माझ्यापुढे धरला. "काकू म्हणतायत, त्या पुसणाऱ्या बाईंना द्या."

"काय हो पुसणाऱ्या बाई," काकू म्हणाल्या. रडून बसलेला घसा होता. "तीळ होता. मी विसरले होते. माझ्या भावाला विचारलं, तोही म्हणाला, होता. पन्नास वर्षं मी आईचा चेहरा पाहिला नाही, आणि लक्षातही आलं नाही माझ्या."

मी फोन घेऊन पायरीवर जाऊन बसले.

"म्हणून काही तुम्ही केलंत ते बरोबर ठरत नाही."

"नाही ठरत."

"बरं, ऐका. ती चौकट कधी उघडलीय का कुणी? खालची पट्टी? वडील लावायचे तेव्हा निम्मं खाली सांडायचं. आई असती तर ओरडली असती त्यांना. खालच्या खाचेत गेलं असेल काही तर तुमच्या त्या प्रयोगशाळेवाल्यांना बघू दे. पण त्यात वडिलांचं निघालं तर आधी मला सांगायचं. सरांना नंतर."

गुरुवारी तुमची आई फ्रेम मांडीवर घेऊन बसने गेली. सायकलवर नेण्याचं धाडस तिला झालं नाही. प्रयोगशाळेत ती आणि रसायनशास्त्रज्ञ बाई दोघीच, दोघींच्या तोंडावर मास्क. घरी तुमच्या बाबाने तीनदा जिना झाडला. तू खिडकीत आपलं अस्वल ठेवून बसली होतीस. मी वरच्या खोलीत कपाटासमोर बसून होते. दोन तासांनी मेसेज आला: खाच भरलेली आहे.

खालच्या पट्टीच्या आत पन्नास वर्षांचं सांडलेलं कुंकू दाबून बसलं होतं, विटेच्या रंगाचं. माझं फडकं तिथे पोचलं नव्हतं. पण ते थरांत नव्हतं, सगळं एकात एक मिसळलेलं. रसायनशास्त्रज्ञ बाईने स्पष्ट सांगितलं, यात काय काय आहे ते कळेल, कशावर काय ते कधीच कळणार नाही. काचेवर ते कळलं असतं. पुढच्या महिन्यात तिने तीन प्रकार वेगळे काढले. हळदीचं, घरगुती पद्धतीचं कुंकू. कारखान्यातलं लाल भडक. आणि थोडं शेंदरासारखं. कोणतं कधीचं, हे ती सांगू शकत नव्हती.

काकू सांगू शकत होत्या. वडील आठवडी बाजारातून हळदीचं कुंकू आणत. वडील गेल्यावर फोटो काकूंच्या मुंबईच्या सासरी आला आणि प्लॅस्टिकच्या डबीतलं लाल सुरू झालं. शेंदूर त्यांच्या दिरांनी गावच्या देवीचा म्हणून आणून दिलेला. म्हणजे हळदीचं ते वडिलांचं. हे मी ठरल्याप्रमाणे त्यांना आधी सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "असू दे तिथेच. पट्टी परत नीट बसवा."

प्रश्न हा होता की हे सगळं विचारून लिहून कोण घेणार. तुमच्या आईच्या छापील प्रश्नांना काकू एका शब्दात उत्तर देत. माझ्याशी मात्र तासभर बोलत, मधून मधून 'पुसणाऱ्या बाई' म्हणून टोचत. म्हणून दर मंगळवारी सकाळी अकरा वाजता मी वही घेऊन बसायची. मग बाकीच्या चार घरांचंही माझ्याकडे आलं. जुलैत तिकीट मिळत होतं. मी विचारलं, जाऊ? तुमची आई म्हणाली, "वही अर्धी आहे अजून." मी राहिले.

समितीने वर्ष दिलं नाही, सहा महिने दिले. थर असते तर वर्ष मिळालं असतं, असं प्राध्यापक म्हणाले होते आणि ते मी विसरलेले नाही. ते सहा महिने धाकटी पोटात असताना तुमच्या आईने कसे काढले, ते तिलाच विचारा. बाबाला ऑक्टोबरात नोकरी लागली. प्रबंध पूर्ण झाला.

त्यात एक तळटीप आहे. मी निघायच्या आदल्या आठवड्यात तिने कच्चा मसुदा इंग्रजी तपासायला माझ्याकडे दिला. तळटिपेत लिहिलं होतं की टाळेबंदीच्या काळात ही वस्तू घरातील एका व्यक्तीने रूढ पद्धतीने स्वच्छ केली. मी पेन्सिलने 'घरातील एका व्यक्तीने' खोडून 'संशोधिकेच्या सासूने' लिहिलं आणि पुढे 'स्पष्ट मनाई असूनही' असं घातलं.

ती वाचून म्हणाली, "सासू राहू दे. मनाईचं काढते."

"का? खरं आहे ते."

"खरं आहे, आई. पण प्रबंध माझा आहे."

तिने ते काढलं. मी इथे लिहिलं आहे. आणि एका पाच वर्षांच्या मुलीला मी गप्प बसायला सांगितलं आणि तिच्या पोटात दुखेपर्यंत बसवलं, हे कोणत्याच तळटिपेत आलं नसतं. ते तुझं होतं, म्हणून तुला सांगितलं.